एक प्रवासी, दोन भाडी

क्रूझच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा एकट्या माणसासाठी नसतोच. तो जोडप्यातल्या एकाचा असतो. खाली, चष्मा लावूनही धड वाचता येऊ नये अशा बारीक टाइपात, 'ट्विन शेअरिंग' असं छापलेलं असतं.

आमच्या बडोद्यातल्या प्रतापनगरात रेल्वेतून निवृत्त झालेली, मुलं परदेशी गेलेली, जोडीदार गमावलेली माणसं पुष्कळ आहेत. संध्याकाळी कुठल्याही सोसायटीच्या बाकावर भेटतील. त्यांच्याकडे पेन्शन आहे, वेळ आहे, आणि पाय अजून चालतात. जाहिरात त्यांच्याही घरी येते. ती माणसं फोन लावतात आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, "सोबत कोण?"

कोणी नाही म्हटलं की भाडं दुप्पट.

याला लोक धंद्याची रीत म्हणतात. मी तिला खोड म्हणते. आणि ही खोड मोडायची असेल, तर आधी तिचा हिशोब समजून घ्यायला हवा.

जहाजाची केबिन दोन माणसं धरूनच मोजतात. दोन खालचे बर्थ भरले की कंपनीच्या लेखी ती शंभर टक्के भरली. वरच्या घडीच्या बर्थवर पोरं झोपली की आकडा शंभराच्या वर जातो. म्हणून तर मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या अहवालात १०० टक्क्यांहून जास्त ऑक्युपन्सी छापलेली दिसते. या हिशोबात एकटा माणूस म्हणजे अर्धी रिकामी केबिन. रिकाम्या बर्थचं भाडं तर बुडतंच, शिवाय त्या बर्थवरच्या माणसाने बारमध्ये, कॅसिनोत, स्पामध्ये आणि किनाऱ्यावरच्या सहलींत जे पैसे खर्च केले असते तेही बुडतात. क्रूझचा धंदा नुसत्या तिकिटावर चालत नाही, जहाजावरच्या या खर्चावरही चालतो. तेव्हा तोटा खरा आहे. तो मी नाकारत नाही.

पण मग दुसरी बाजूही मांडा. जो आलाच नाही तो चार वेळा जेवत नाही. त्याचे टॉवेल धुवावे लागत नाहीत. त्याच्या नावचं बंदर शुल्क कंपनीला भरावं लागत नाही. असं असताना पूर्ण दुसरं भाडं कशाचं? आणि याच कंपन्या 'तिसरा-चौथा प्रवासी मोफत' अशा योजना काढतात तेव्हा हा काटेकोर हिशोब कुठे जातो? चौघांच्या कुटुंबाला दोघांच्या भाड्यात नेणं परवडतं आणि एकीला दीडपट भाड्यात नेणं परवडत नाही, हे मला पटत नाही. खोलीची किंमत वसूल व्हायला हवी, हे मान्य. पण शिक्षा केल्यासारखी वसुली मान्य नाही.

आता केबिनकडे वळू. एकट्यासाठी दोन वाटा आहेत. एकट्यासाठीच बांधलेली छोटी केबिन घ्यायची, किंवा दोघांची केबिन एकट्याने घ्यायची. तिसरी वाट रूम पार्टनरची. तिच्याबद्दल पुढे बोलते.

एकट्याची केबिन आजच्या क्रूझच्या धंद्यात ठळकपणे आली २०१० मध्ये. नॉर्वेजियन एपिक या जहाजावर अशा १२८ 'स्टुडिओ' केबिन केल्या. क्षेत्रफळ १०० चौरस फूट, म्हणजे दहा बाय दहा. त्यात पलंग, बेसिन, शॉवर, संडास, सगळं. समुद्राकडे खिडकी नाही. गोल खिडकी आहे ती बाहेरच्या पॅसेजमध्ये उघडते. पण या केबिनवाल्यांसाठी एक स्वतंत्र बैठकीची जागा ठेवली आहे, आणि तिचं दार त्यांच्याच कार्डाने उघडतं. तिथे कॉफी घेता येते, ओळखी होतात, उद्या किनाऱ्यावर कोण कुठे जाणार ते ठरतं. मला यातली ही बैठकच सर्वांत मोलाची वाटते. २०१४ मध्ये रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम ऑफ द सीजवर एकट्यासाठी बाल्कनीवाल्या केबिनही आल्या. क्वीन मेरी २ या जहाजावर २०१६ च्या दुरुस्तीत एकेरी केबिन बसवल्या, त्या १५.

पंधरा! जहाज अडीच हजारांहून अधिक प्रवाशांचं.

एकेरी केबिनची सगळी मेख या संख्येत आहे. वस्तू इतकी थोडी की ती लवकर संपते आणि महाग होते. कित्येकदा तिचं भाडं त्याच जहाजावरच्या आतल्या डबल केबिनच्या दुप्पट भाड्याच्या आसपास जाऊन पोचतं, कधी त्याच्याही वर. तेव्हा 'सोलो' अशी पाटी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. नाव एकट्याचं असलं म्हणजे भाव एकट्याचा असतोच असं नाही.

आणि एकेरी केबिन म्हणजे २०१० चा शोध आहे असंही कोणी सांगू नये. मुंबई-लंडन मार्गासाठी पी अँड ओ कंपनीने १९२९ मध्ये व्हाइसरॉय ऑफ इंडिया हे जहाज आणलं. त्याच्या पहिल्या वर्गातल्या केबिन एकेका प्रवाशासाठी बांधल्या होत्या, आणि कित्येक शेजारशेजारच्या केबिनींमध्ये दार होतं. कुटुंब असेल तर ते दार उघडायचं. म्हणजे एकटा प्रवासी हा नियम धरला होता आणि जोडप्याची सोय दाराने केली होती. ते जहाज १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये महायुद्धात बुडालं. त्या वर्गाची तिकिटं श्रीमंतांची होती, हे खरंच. पण एकट्यासाठी खोली बांधणं जहाजबांधणीला अवघड आहे, असं मला कोणी सांगायला आलं तर मी या जहाजाचं नाव पुढे करीन. पुढे सुट्टीच्या सफरींचा धंदा वाढला, तो हनिमूनच्या आणि कुटुंबांच्या जिवावर. दोघांची केबिन हेच माप ठरलं. मुंबईहून २०२१ पासून सफरी करणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेसच घ्या. हे जहाज १९९० साली नॉर्डिक एम्प्रेस या नावाने बांधलं, तेव्हा एकट्याचा विचार या धंद्यात फारसा कोणी करत नव्हतं. जुन्या जहाजावर निघालात तर बहुधा डबल केबिनच पदरी पडते, हे धरून चला.

प्रतापनगरच्या माणसाला हे जास्तच खटकतं, कारण हे गाव रेल्वेचं. डभोई-मियागामची छोटी लाइन १८६२ ची, सुरुवातीला बैलांनी ओढलेली. त्या गायकवाडी रेल्वेचा मोठा संसार पुढे इथे, जुन्या गोयागेटला वाढला. आज मंडळ रेल्वे कार्यालय इथेच आहे. या वस्तीला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे : माणूस एक, बर्थ एक, भाडं एक. फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे मिळाला तरी शेजारचा बर्थ रिकामा जातो म्हणून रेल्वे तुमच्याकडे दुसरं भाडं मागत नाही. प्रतापनगरहून एकतानगरला मेमू गाडीने जा (१७ जानेवारी २०२१ पासून ती सोय झाली), तिथे नर्मदेवर एकता क्रूझमध्ये बसा. एक खुर्ची, एक तिकीट. सोबत कोण, असं विचारत नाहीत.

हां, पण हीच रेल्वे ऐषारामी झाली की जहाजाची खोड उचलते. २००४ मध्ये सुरू झालेल्या डेक्कन ओडिसीच्या एका मार्गात आमचं बडोदंही आहे. तिच्या दरपत्रकात जोडीतल्या माणसाचा दर एक आणि एकट्याने केबिन घेतली तर दर दुसरा, चढा. तरी मी त्या गाडीला एक गुण देईन. दोन्ही दर शेजारी शेजारी छापलेले असतात. फोन करून, सोबतीची चौकशी सोसून, मग भाव ऐकायचा असं होत नाही. माझी मूळ मागणी एवढीच आहे.

आमच्या शेजारच्या काकू रेल्वेच्या हिशोब खात्यातून निवृत्त झाल्या. काका गेले त्याला काही वर्षं झाली. काकूंना जहाजातून जायचं होतं. मी सोबत गेले ती एजंटाच्या ऑफिसपर्यंतच. टेबलामागच्या तरुणाने आधी गुजरातीत विचारलं, "बेन, तमे एकलां ज जवानां?" काकू म्हणाल्या, "हो, एकटीच." त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी ठोकलं आणि छापील कागद पुढे केला. काकूंनी पर्समधून लाल पेन काढलं. वरपासून एकेक ओळ खाली येत त्यांचं पेन एका ओळीवर थांबलं. केबिन भाडं गुणिले दोन, ते समजलं. पण बंदर शुल्कही गुणिले दोन होतं. काकूंनी त्या ओळीभोवती गोल काढला.

"जहाजावर मी एक माणूस चढणार ना?"

"हो."

"मग बंदरात दोन माणसं कशी लागली?"

तो म्हणाला, सिस्टिममध्ये तसंच येतं. काकू म्हणाल्या, मग सिस्टिमला विचारा, मी बसते. त्या बसल्या. त्याने मुंबईला फोन लावला, पाचेक मिनिटं हां-हां केलं, आणि नवा कागद काढला. ओळ एकाची झाली होती.

ही ओळ प्रत्येकाने बघायला हवी. भाडं खोलीचं असतं, ते दोघांचं मागतील. बंदर शुल्क माणशी असतं आणि बहुतेक जहाजांवर टिपही माणशी असते. समजा, चार रात्रींचं भाडं माणशी ४०,००० आहे आणि बंदर शुल्क ८,०००. जोडप्यातल्या एकाला ४८,००० पडतात. एकटीने डबल केबिन घेतली तर ८०,००० अधिक ८,०००, म्हणजे ८८,०००. कागदावर ९६,००० दिसले तर लाल पेन काढा. भाड्यावरचा जीएसटी भाड्याबरोबर वाढणारच, तो यात धरलेला नाही. त्याच जहाजावर एकेरी केबिन समजा ६५,००० ला असेल, तर तिचे झाले ७३,०००. आता तुलना करायची ती ७३ आणि ८८ ची. जाहिरातीतले ४० विसरा. ते तुमचे नव्हतेच.

माझं मत सरळ आहे. एकूण रकमेत पाव हिश्शाच्या आत फरक असेल आणि डबल केबिनला समुद्राकडे खिडकी असेल, तर डबल घ्या. वरच्या उदाहरणात फरक १५,००० चा आहे. तेवढ्यात दुप्पट जागा, उजेड, आणि गुडघे दुखत असतील तर पलंगाला न अडखळता बाथरूमला जाण्याची वाट मिळते. साठीनंतर ही वाट चैनीत मोडत नाही. बंद खोलीत ज्यांना घुसमट होते त्यांनी तर पॅसेजमध्ये उघडणाऱ्या खिडकीच्या नादी लागूच नये. काही कंपन्या एकट्याने पूर्ण भाडं भरलं तर त्यांच्या योजनेतले पॉइंटही दुप्पट देतात. रॉयल कॅरिबियन देते. दुप्पट भरताय तर तेही मागून घ्या.

एकेरी केबिन घ्यावी ती दोन प्रकारच्या माणसांनी. जहाजावर बरीच रात्र बाहेरच घालवणार, खोलीत फक्त झोपायला येणार, अशांनी. आणि ज्यांना ओळखी व्हाव्यात असं मनापासून वाटतं पण आपण होऊन बोलायला जीभ उचलत नाही, अशांनी. त्यांच्यासाठी ती वेगळी बैठक मोठी सोय आहे. मात्र बुक करताना विचारा : अशी बैठक आहे का, की नुसतीच छोटी खोली? नुसती छोटी खोली जास्त दराने घेण्यात काही अर्थ नाही.

तारखांकडेही बघा. शाळेच्या सुट्ट्यांत, म्हणजे मे महिन्यात आणि दिवाळीत, केबिन कुटुंबांनी भरतात. तेव्हा एकट्याला सवलत द्यायची कोणाला गरज नसते. शाळा सुरू झाल्या की काही सफरींवर जादा आकार दुपटीवरून दीडपटीवर किंवा सवापटीवरही येतो. पेन्शनरांना शाळेचं वेळापत्रक पाळायचं नसतं. याचा फायदा उठवा.

आता रूम पार्टनर. सहलवाले आपुलकीने सांगतात, "ताई, पार्टनर शोधून देतो, पैसे वाचतील." जुनी मैत्रीण असेल, बहीण असेल, तर जरूर जा, त्यासारखं सुख नाही. पण अनोळखी माणूस? जमिनीवरच्या हॉटेलात पटलं नाही तर खोली बदलून मिळते. भरलेलं जहाज समुद्रात असताना दुसरी खोली आणणार कुठून? एकीला एसी सोसत नाही, दुसरीला पंख्याशिवाय झोप येत नाही. एकीची पोथी पहाटे पाचला, दुसरीचा मोबाइल रात्री एकपर्यंत. औषधं, दागिने, कागदपत्रं एका तिजोरीत. आणि रात्री श्वास अडकला, छातीत दुखलं, तर बाजूच्या अनोळखी बाईवर आपण ते ओझं टाकणार, किंवा ती आपल्यावर. वाचलेल्या पैशाचं मोल यापुढे मला थोडं वाटतं. शिवाय नियमावली वाचा : पार्टनर मिळाला नाही तर फरकाची रक्कम प्रवाशाने भरायची, असं कलम तिथे बहुधा असतं. शोधायची जबाबदारी त्यांची, सापडलं नाही तर भुर्दंड तुमचा.

घरच्यांचा प्रश्न त्याहून चिवट. काकूंच्या मुलाने न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, एकटी कशाला? मावशीला घे, नाहीतरी दोघींचे पैसे जाणार." मावशीला पाण्याची भीती वाटते. तिला नेलं असतं तर दोघींनी चार दिवस लॉबीत बसून काढले असते. पैसे जाणारच आहेत तर कोणालातरी घे, हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात जाणाऱ्या बाईच्या इच्छेला कुणी विचारतच नाही. रिकामा बर्थ भरायला माणूस शोधायचा नसतो.

'एकटी कशाला?' हा प्रश्न जुनाच आहे. २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात, कलकत्त्याजवळ, आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. वय अजून अठराही पूर्ण नव्हतं. डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या होत्या. लोक त्यांना जे जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी स्वतःच भाषणात मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. त्यातला एक प्रश्न होता, एकटीच का जातेस? उत्तर त्यांनी घरच्या अडचणींचं दिलं, कसलाही आव न आणता. पती गोपाळराव बरोबर नव्हते. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या, बोटीवर मिशनरी बायकांची सोबत होती, आणि ४ जूनला न्यू यॉर्कला उतरल्या. त्यांच्यापुढे शिक्षण होतं, जातीबाहेर टाकलं जाण्याची भीती होती, परकं अन्न होतं. चार रात्रींच्या सुट्टीशी त्याची तुलना मी करणार नाही. पण प्रश्न तोच राहिला आहे, आणि आता तो बिलात छापून येतो, याची मला चीड येते.

यावर ग्राहकाच्या हातात काही आहे का? आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ ला आली. त्यांत खुलाशाविषयी स्पष्ट म्हटलं आहे : खुलाशाने महत्त्वाची माहिती लपवायची नाही, तो जाहिरातीतल्या दाव्याच्याच भाषेत असायला हवा, आणि अक्षरंही त्याच टाइपात हवीत. बडोद्याच्या वर्तमानपत्रांतल्या सहलींच्या जाहिराती या कसोटीवर धरून बघा. भाव गुजरातीत, मराठीत, अर्ध्या पानाएवढा. 'दोघे असाल तरच' हे मात्र तारा काढून, इंग्रजीत, मुंगीएवढं. दुप्पट भाडं ही महत्त्वाची माहिती नसेल तर मग दुसरी कोणती?

जाहिरातीत आणखी एक आकडा छापायला हवा : एकट्याने येणाऱ्यास एकूण इतके. त्याला जहाज नव्याने बांधावं लागत नाही, केबिन तोडाव्या लागत नाहीत. एक ओळ वाढते. ज्या कंपनीचा एकट्याचा दर रास्त असेल तिला ती ओळ छापायला आनंदच वाटेल, आणि प्रतापनगरातले निम्मे बाक तिच्या ऑफिसात जाऊन बसतील.

तोपर्यंत अशी जाहिरात दिसली की मोबाइलने फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोटो काढताना तो कोपऱ्यातला तारा आणि त्याच्या खालची ओळ नीट वाचता येईल इतक्या जवळून घ्या.